गाडी थांबिवता येती का?

हेवीचं लायसन झालं म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न ठरलेला असतो, टिपर का एसटी. म्हणजे एकतर कुणाच्यातरी टिपरवर मुरूम-खडी वाहायची आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचं, नाहीतर एसटीची भरती निघायची वाट बघत बसायचं आणि तोवर शाळेची बस, किंवा कारखान्याचा सीझन लागला की उसाचा ट्रक. अहमदपूर तालुक्यातल्या कोरडवाहू सोयाबीनवाल्या घरातल्या पोराला एवढेच पर्याय दिसतात. मी लाईनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीवर जातो म्हटलं तर माय हातातलं काम टाकून बघायला लागली. तिचा मुद्दा साधा होता, शेतकऱ्याला आधीच कुणी पोरगी देईना, त्यात तू ड्रायव्हर, त्यात लाईनवरचा, मग तर झालंच. अप्पा म्हणाले ट्रॅक्टर तुला चांगला येतो, पण ट्रॅक्टर आपल्या बांधाला थांबतो, तुझी गाडी कुठं थांबल ते आम्हाला कळायचं पण न्हाई.

मला मात्र लाईनच पाहिजे होती. पैसा हे एक कारण, ते आहेच, टिपरपेक्षा बरे सुटतात. दुसरं कारण जरा पोरकट आहे. अहमदपूरवरून तुळजापूर-बुटीबोरी हायवे जातो, ३६१ नंबरचा, आणि त्याच्या कडेला टपरीवर उभं राहून आम्ही पोरं गाड्यांचं पासिंग वाचायचो. टीएन, एपी, एचआर, आरजे आणि सगळ्यात भारी म्हणजे एनएल, नागालँड. बरीच वर्षं मला वाटायचं ही गाडी खरंच नागालँडहून आली असणार, पुढं कळलं की टॅक्स-परमिटच्या हिशोबानं लांबलांबचे मालक तिकडं पासिंग करून घेतात आणि त्या गाडीनं नागालँड बघितलेलं पण नसतं. कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण वेड लागायचं ते लागून गेलं होतं.

लायसनचं थोडं सांगतो कारण गावातली पोरं सारखी विचारतात. आधी छोट्या गाडीचं लायसन लागतं आणि ते वर्षभर जुनं पाहिजे, वय वीस पूर्ण पाहिजे, मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग, डॉक्टरचा फॉर्म, मोटार स्कूलचं सर्टिफिकेट आणि शेवटी आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढली. लायसन पाच वर्षांचं मिळतं, आधी तीनचंच असायचं. २०२१ च्या नियमातली जी मान्यताप्राप्त सेंटरं आहेत तिथं जड गाडीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, जमलं तर तिथंच जा. मी गेलो ती आपली साधी लातूरची मोटार स्कूल, गाडी एक आणि शिकणारे ढीगभर, त्यामुळं आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचं बघून बघून निम्मं शिकून व्हायचं. पण शिकवायचे मनापासून, ते खोटं बोलणार नाही. आरसे कसे लावायचे, वळताना मागचे टायर किती आत येतात, क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडं, कुठली जागा दिसतच नाही, मैदानात खांब रोवून त्यांच्या मधून रिव्हर्स, सगळं झालं. फक्त एक होतं, त्या गाडीत अख्ख्या कोर्समध्ये एक पोतं सुद्धा कधी नव्हतं.

लायसन आलं म्हणून कुणी लाईनची गाडी लगेच हातात देत नाही, आणि देऊ पण नये. आधी जुन्या माणसासोबत सेकंड ड्रायव्हर म्हणून जायचं. पूर्वी पोरं क्लीनर म्हणून लागायची आणि चार-पाच वर्षं हवा बघायला टायर वाजवून, चहा आणून, शिव्या खाऊन मग स्टेअरिंगला हात लागायचा. आता क्लीनर ठेवणंच मालकाला परवडत नाही म्हणतात, त्यामुळं कितीतरी गाड्या एकटा माणूस ओढतोय. माझं नशीब बरं की मालक आमच्या पाव्हण्यातले निघाले आणि त्यांनी मला एका जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. माणूस जिंतूरकडचा, सगळी लाईन त्यांना मामा म्हणते, म्हणून मी पण मामा. गाडी दहा टायर, माल सोयाबीनची पेंड, लातूर ते नामक्कल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नामक्कल हे तमिळनाडूतलं कोंबड्या-अंड्यांचं गाव, लातूरच्या मिलमध्ये तेल काढून उरलेली पेंड तिकडच्या कोंबड्या खातात. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात पण त्या गावाचं नाव आहे, तिथल्या बॉडीचं लाकूडकाम आणि रंग बघितला की आपली गाडी लपवून लावावी वाटते.

तर मामांनी पहिल्या दिवशी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गाडी थांबिवता येती का?"

मी म्हटलं चालवता येते की मामा, लायसन आहे.

"चालिवणं न्हाई इचारायलो. थांबिवता येती का ते इचारायलो."

मी आपलं हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार. पण त्यांनी काय विचारलं होतं ते समजायला बऱ्याच खेपा गेल्या.

सुरुवात मिलच्या गेटपासूनच होते. ट्रक ड्रायव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पळणारी गाडी येते, प्रत्यक्षात या धंद्यातलं पहिलं काम म्हणजे रांगेत उभं राहणं. नंबर लावायचा, गेट पास घ्यायचा, रिकाम्या गाडीचं वजन काट्यावर करायचं, मग परत रांग, मग हमाल जेवायला गेलेले, मग लाईट गेलेली. दसऱ्यानंतर नवीन सोयाबीन बाजारात येतं तेव्हा तर विचारू नका. सकाळी लावलेली गाडी रात्री भरते आणि मग मालकाचा फोन येतो, निघाले का? म्हणजे दिवसभर बसून अंग आंबलेलं असतं आणि खरी ड्युटी रात्री दहाला सुरू होते. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगत नाही की लोडिंगच्या रांगेत झोपायला शिक. मामा बरोबर झोपायचे. गाडी रांगेत लागली की बूट काढून, गमछा डोळ्यावर घेऊन सरळ आडवे, आणि पुढची गाडी हलली की कसं काय कोण जाणे जागे व्हायचे. मी मोबाईल बघत बसायचो तर ओरडायचे, "डोळं वापरायलास फुकट, रात्री लागत्यात."

भरून झालं की ताडपत्री. पेंड भिजली तर पार्टी माल घेत नाही, म्हणून ताडपत्री मारणं हे चालवण्याच्या बरोबरीचं काम आहे. आधी फाटकी जुनी ताडपत्री खाली, वर चांगली, पुढून केबिनच्या बाजूची कड आधी दाबायची म्हणजे वारा आत शिरत नाही. मग रस्सी. रस्सी नुसती ओढून बांधली तर पन्नास किलोमीटरवर ढिली होते, कारण माल बसतो. म्हणून रस्सीला मध्येच पीळ देऊन एक फास काढायचा, खालचं टोक बॉडीच्या हुकातून घेऊन त्या फासातून वर काढायचं आणि मग पाय बॉडीला टेकवून अंगाचं वजन टाकून खाली खेचायचं, तेव्हा ती अशी ताणते की बोटानं मारली तर आवाज येतो. मामा तो आवाज ऐकायचे. प्रत्येक रस्सीला टिचकी मारत गाडीला पूर्ण चक्कर, आणि जी बद्द वाजली ती परत सोडायला लावायचे. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहाताची सालं निघाली, आता तिथं चांगली जाड कातडी आली आहे, माय हातात हात घेते आणि काही बोलत नाही.

कागदांचं एक गणित सांगतो, ते मला फार आवडतं. पन्नास हजाराच्या वरचा माल असला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागतो आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. लातूर ते नामक्कल साधारण साडेअकराशे किलोमीटर, म्हणजे सरकारी हिशोबानं सहा दिवस. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा (२०२५ ला त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) म्हणायचा ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, भरलेली गाडी आठ तासांत तीनशे-साडेतीनशे जाते, म्हणजे त्या हिशोबानं साडेतीन दिवस. आणि मालकाच्या हिशोबानं दोन. रस्त्यावर कुठला हिशोब चालतो ते वेगळं सांगायला नको.

यात मालकच वाईट आहे असं पण नाही. त्याच्या डोक्यावर हप्ता, इन्शुरन्स, टायर आणि भाडं मिळतं ते पोच परत आल्यावर. म्हणून तो ड्रायव्हरशी ठोक ठरवतो, इतकं डिझेल, इतका भत्ता, ॲव्हरेज लिटरला चार किलोमीटरचं धरलंय, त्याच्यावर वाचवलं ते तुझं. हे ऐकायला छान वाटतं पण नीट बघितलं तर यातला प्रत्येक रुपया न थांबण्यात आहे. जेवायला थांबलं नाही तर भत्ता वाचतो, झोपायला थांबलं नाही तर खेप वाढते, आणि उतारावर गाडी न्यूट्रल केली तर डिझेल वाचतं असं समजतात. हे तिसरं सगळ्यात वाईट, त्यावर येतोच.

लातूर सोडलं की औसा, किल्लारी, उमरगा आणि मग सोलापूर-हैदराबाद रोड. उमरग्याच्या पुढं कर्नाटकाची हद्द लागते. मामा तिथं आले की दरवेळी जुन्या गोष्टी काढायचे, पूर्वी बॉर्डरला जकात, सेल्स टॅक्स, कसले कसले नाके, गाड्यांच्या रांगा, रात्र रात्र जायची. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला आणि ते नाके उठले, २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलवरची रांग पण गेली. मी म्हटलं बरं झालं की मामा. ते म्हणाले, "बरंच झालं. पण आमी झोपायचो त्या रांगेत." त्यांना नाके परत यावेत असं अजिबात वाटत नाही, तिथं काय काय द्यावं लागायचं ते पण त्यांनीच सांगितलं. पण हे खरं आहे की रस्त्यानं सक्तीनं दिलेली झोप गेली आणि तिच्या जागी दुसरी कुणी दिली नाही. वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या वाट्याला आला नाही, तो खेपेत गेला.

आणि झोप ही काय चीज आहे ते रात्री तीनला कर्नूल ते अनंतपूर पट्ट्यात कळतं. सरळ चौपदरी रस्ता, इंजिनचा एकसारखा आवाज, केबिनमध्ये गरम हवा. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय, आमची गाडी त्याच्या आधीची, तेव्हा आमचा एसी म्हणजे खिडकी.) मला आधी वाटायचं झोप म्हणजे डोळे मिटतात. तसं होत नाही. आधी टोल कधी गेला ते आठवत नाही. मग समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा किती लांब आहे ते डोक्याला ठरवता येत नाही. मग जांभया बंद होतात, आणि मामा म्हणायचे जांभया बंद झाल्या की ती खरी धोक्याची, कारण शरीरानं मागणं सोडून दिलेलं असतं. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी, या सगळ्यांनी दहा-पंधरा मिनिटं निघतात. वीस मिनिटं खरोखर आडवं झालं की दोन तास निघतात. दोन ते पाच गाडी उभी पाहिजे हा मामांचा कायदा होता, मालकाचा फोन आला तरी. फोन वाजायचा, मामा उचलायचे, "हाव शेठ, चालू हाय," आणि परत गमछा डोळ्यावर. हे बरोबर का चूक ते मला सांगता येणार नाही, पण मी जिवंत बसून लिहितोय.

आता थांबायचं म्हटलं तरी थांबायचं कुठं हा वेगळाच विषय आहे. हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर गाडी लावणं म्हणजे मागून येणाऱ्या झोपाळूला आमंत्रण. किती अपघात तर उभ्या गाडीला मागून धडकून होतात. सुनसान जागी लावली तर सकाळी डिझेलची टाकी रिकामी, बॅटरी गायब, नाहीतर ताडपत्री कापून चार गोण्या कमी, आणि ती भरपाई पगारातून. म्हणून पंप किंवा मोठा ढाबा, जिथं आधीच पाच-पंचवीस गाड्या लागल्यात आणि लाईट आहे. चांगली जागा कुठली हे डोक्यात नकाशासारखं बसवावं लागतं, आणि गुगलवर ते सापडत नाही. जुने ड्रायव्हर रस्ता किलोमीटरनं सांगतच नाहीत, ते सांगतात अमुक पंपाला पाणी गोड आहे, तमुक ढाब्यावर खाटा आहेत, तिथून पुढं ऐंशी किलोमीटर काही नाही. पाण्याचा वीस लिटरचा कॅन मात्र मी कायम भरलेला ठेवतो, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या उन्हाळ्यात वाढलेलं पोरगं रिकामा कॅन बघूच शकत नाही.

एक गंमत, बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या गाडीला युरिया लागतो. म्हणजे ते डीईएफ नावाचं पाणी, साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, धुरातला विषारी वायू मारायला. ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरियाच म्हणतात. अप्पांना सांगितलं तर ते हसायलाच लागले, इथं एका पोत्यासाठी आम्ही कृषी केंद्रापुढं उभे आणि तुमची गाडी पण युरिया खाती का.

तर ब्रेक. तीन ॲक्सलच्या दहा टायर गाडीला २०१८ पर्यंत मालासकट २५ टन पास होते, तेव्हा ते २८.५ केले. ट्रेनिंगची रिकामी गाडी आणि ही भरलेली यात फरक काय, तर उतारावर भरल्या बैलगाडीचे बैल बघा, ते गाडी ओढत नसतात, गाडी त्यांना ढकलत असते आणि ते मागं रेटत असतात. ट्रकमध्ये हे रेटायचं काम गिअरनं करायचं, पायानं नाही. सारखा ब्रेक दाबून उतरलं की चाकाच्या ड्रममध्ये लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, तापतात, वास येतो, धूर येतो, आणि तापलेले लायनर पकड सोडतात. पाय खाली जातो पण गाडी ऐकत नाही. वर एअर ब्रेक, म्हणजे दरवेळी दाबला की टाकीतली हवा खर्च होते, काटा खाली आला की बझर वाजतो, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. आता जो माणूस डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतो त्याला इंजिन अजिबात धरत नाही, आणि जो इंजिनच बंद करतो त्याचं पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि नवीन हवा पण भरत नाही. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या डिझेलसाठी त्यानं गाडी धरायचे सगळे मार्ग स्वतःच्या हातानं कापून टाकलेले असतात.

धर्मपुरी सोडून सेलमकडं निघालं की तोप्पूरचा घाट लागतो, तिथं हे सगळं एका जागी बघायला मिळतं. घाट म्हणजे आपल्यासारखा वळणावळणाचा नाही, तेच फसवं आहे, चौपदरी चकाचक रस्ता आणि लांबलचक उतार, गाडी सोडून द्यावी वाटेल असा. जानेवारी २०२४ मध्ये तिथं ट्रक एकमेकांवर आदळून चार माणसं गेली, तो व्हिडिओ सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाईलमध्ये आहे. जागोजागी बोर्ड आहेत, गिअरमध्ये उतरा, सावकाश उतरा. मामांनी घाटाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, उतरले, हातोडीनं सगळे टायर वाजवले, ड्रमजवळ हात नेऊन किती तापलेत बघितलं, लघवी केली, आणि मला म्हणाले बस स्टेअरिंगला. मग नियम एकच, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाकायचा. ज्या गिअरात हा चढ चढला असता त्याच गिअरात उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) चालू, आणि पायाचा ब्रेक लागलाच तर एकदा नीट दाबून वेग पाडायचा आणि सोडून द्यायचा, घासत राहायचं नाही. उतारात मध्येच गिअर खाली टाकू म्हटलं तर भरल्या गाडीला तो पडत नाही, गाडी न्यूट्रलवर सुटते. म्हणून निर्णय वरतीच. आमच्या शेजारून एक टँकर न्यूट्रलमध्ये गेला, ते इंजिनच्या आवाजावरून कळतं, एवढी मोठी गाडी आणि नुसता टायरांचा आवाज. मामांनी त्याला शिवी पण दिली नाही, नुसते बघत राहिले. मी तीसच्या खाली उतरलो. मागचे हॉर्न वाजवत होते. खाली आल्यावर टँकर पुढं ढाब्यावर उभा दिसला, त्याचं काही झालं नव्हतं, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे, बहुतेक वेळा काही होत नाही.

आपल्याकडं पण कन्नडचा औट्रम घाट आहेच, हायकोर्टानं २०२३ ला तो जड गाड्यांना बंद केला आणि संभाजीनगरहून धुळ्याकडं जाणारी लाईन नांदगाव बाजूनं फिरून जायला लागली. ड्रायव्हर लोक डिझेल जास्त जातं म्हणून कुरकुरले, मामा पण कुरकुरले. मला विचाराल तर बरं झालं.

नामक्कलला पोचलं की परत रांग. तिथं फॅक्टरीत गाडी आत घ्यायच्या आधी एक माणूस लोखंडी नळी घेऊन येतो, ताडपत्रीची कड उचलून वेगवेगळ्या गोण्यांत ती खुपसतो आणि नमुना काढतो. मग तो नमुना लॅबला जातो, ओल किती, प्रोटीन किती, त्यात वाळू आहे का. पास झालं तर गाडी आत, नाही तर पार्टी आणि मिलवाले फोनवर भाव तोडत बसतात आणि गाडी तिथंच उभी. यात ड्रायव्हरचा काय संबंध? काहीच नाही. पण उन्हात तोच उभा असतो. एकदा एका ठिकाणी आम्हाला असं चांगलं दोन दिवस ताटकळत ठेवलं, हॉल्टिंगचे पैसे मागितले तर म्हणे लातूरवाल्यांना विचारा, लातूरवाले म्हणे तिकडं घ्या. वर गाडी खाली करायची वाराई, म्हणजे हमाली, पण आमच्याकडूनच. तमिळ येत नाही, हिंदी त्यांना येत नाही, भांडायचं तरी कसं, शेवटी मामांनी मोबाईलवर आकडा टाकून दाखवला, त्यांनी निम्मा आकडा टाकून दाखवला, असं न बोलता भांडण झालं आणि संपलं. शेजारच्या तमिळ ड्रायव्हरनं आम्हाला डब्यातला दहीभात दिला. मामांना भात म्हणजे आजारी माणसाचं जेवण वाटतं, पण त्या उन्हात त्यांनी दोनदा घेतला.

परतीचं भाडं म्हणजे साबुदाणा. सेलम भागात टॅपिओकाचं कंद पिकतं आणि त्याचा साबुदाणा बनवायचे कारखाने तिकडंच आहेत, आणि खाणारे आपण, श्रावण, नवरात्र, एकादशी. आपल्याकडच्या उपासाच्या तोंडावर तिकडं भाव चढतो आणि भाडी निघतात, हे मला गाडीवर जाईपर्यंत माहीतच नव्हतं. माय सोमवार धरते. तिला सांगितलं की तुझा उपास आम्ही ताडपत्री टाकून सेलमहून आणतो, तर म्हणाली मग गाडीत चप्पल घालून चढत जाऊ नको.

एका गोष्टीबद्दल लिहू का नको वाटत होतं, पण थांबण्याचं बोलतोय तर ती सोडता येत नाही. १ आणि २ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. मी तेव्हा गाडीवर नव्हतो, लातूरला मोटारसायकल घेऊन पेट्रोलच्या रांगेत उभा होतो आणि इतरांबरोबर ड्रायव्हरांना नावं ठेवत होतो. भांडण नव्या न्याय संहितेतल्या कलम १०६ च्या पोटकलम दोनवर होतं, अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पुढं १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा ते पोटकलम तेवढं थांबवून ठेवलं. आता गाडीवर बसल्यावर दोन्ही बाजू दिसतात. रस्त्यावर पडलेल्या माणसाला टाकून पळणं हे पाप आहे, त्यात दुसरं मत नाही, माझा चुलतभाऊ असाच गेलाय, मारणारी गाडी कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण गावाजवळ काही झालं आणि मोठी गाडी थांबली की चूक कुणाची हे विचारायच्या आधी काच फुटते आणि ड्रायव्हर खाली ओढला जातो, हे पण तितकंच खरं. मामांनी सांगून ठेवलंय, गर्दी असली तर पुढच्या पोलीस चौकीला किंवा टोलला थांब, तिथून १०८ ला फोन लाव, ११२ ला लाव, पण थांब. गावच्या लोकांना पण माझी विनंती आहे, ड्रायव्हर थांबावा असं वाटत असेल तर थांबलेल्याला मारू नका.

लग्नाचं अजून काही जमलेलं नाही, माय दर फोनला सांगते. मध्ये एक स्थळ आलं होतं, मुलीच्या मामानं विचारलं पोरगा काय करतो, अप्पांनी सांगितलं ट्रान्सपोर्टमध्ये आहे. ट्रान्सपोर्टमध्ये म्हणजे ऑफिसला का, तर अप्पा म्हणाले न्हाई, बाहेर असतो. स्थळ तिथंच थांबलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, अप्पांनी सरळ ड्रायव्हर म्हटलं नाही याचं जरा वाटलं.

आता मालक म्हणतायत पुढच्या खेपेपासून तू एकटा जा, मामांना दुसऱ्या गाडीवर टाकायचंय. मी दोन गोष्टी बोललोय, रात्री दोन ते पाच गाडी उभी राहील आणि खाली करायला एका दिवसाच्या वर लावला तर हॉल्टिंग तुम्ही भाड्यात आधी लिहून घ्यायचं. मालक म्हणाले बघू. मी पण बघूच म्हटलं. सध्या गाडी लातूरला गॅरेजला लागली आहे, मागचे लायनर बदलायचे चाललंय, मिस्त्री म्हणतोय उद्या संध्याकाळी देतो. त्याची उद्या संध्याकाळ म्हणजे परवा दुपार धरून चालायची.